पॅच आला, पण बसवणार कोण?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ओटीपी विचारून, वीज तोडण्याची भीती घालून किंवा ‘डिजिटल अटक’ झाल्याचे भासवून लोकांना गंडवल्याच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही आवृत्त्यांत सातत्याने येतात आणि त्यामुळे वाचक बरेच सावध झाले आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. या फसवणुकीत निदान कोणीतरी फोन करतो आणि कोणीतरी तो उचलतो. परंतु कोणी फोन न उचलता, कशावरही क्लिक न करता, रात्री कुलूप लावलेल्या कार्यालयात चालू राहिलेल्या संगणकात परका माणूस शिरू शकतो, या दुसऱ्या प्रकाराची आपल्या भागात फारशी चर्चा होत नाही. अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर या पट्ट्यातील पतसंस्था, जिनिंग, दालमिल, दवाखाने आणि शाळा यांच्या संगणकांची देखभाल हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. त्या आधारे मला एवढेच मांडायचे आहे की, सॉफ्टवेअरमधील त्रुटी बुजवणारे पॅच वेळच्या वेळी बसवणे हे आपल्याकडील बहुतेक संस्थांत कोणाचेच काम नाही, आणि ते लेखी स्वरूपात, नाव व मोबदला ठरवून, कोणाचे तरी काम केले गेले पाहिजे.

कोणतेही मोठे सॉफ्टवेअर लाखो ओळींचे असते आणि त्यात चुका राहतातच. त्यांतील बऱ्याचशा निरुपद्रवी असतात. काहींमुळे मात्र पासवर्डशिवाय आत येण्याची वाट मोकळी होते. अशी चूक लक्षात आली की कंपनी ती दुरुस्त करणारा पॅच तयार करते आणि इंटरनेटवरून आपल्याला देते. २०१७ साली विंडोजमधील फाइल शेअरिंगच्या जुन्या सुविधेत असे एक भगदाड असल्याचे निष्पन्न झाले आणि मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी त्यावरचा पॅच दिला. त्यानंतर बरोबर महिन्याने, १४ एप्रिलला, त्याच भगदाडातून आत शिरण्याचे, अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने बनवल्याचे मानले जाणारे हत्यार ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले, आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने ते हत्यार वापरून सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या, असा तेथील लेखापरीक्षण कार्यालयाचा अंदाज आहे. आपल्या देशात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही त्याचा फटका बसला. पॅच आणि हल्ला यांच्यामध्ये एकोणसाठ दिवस गेले होते. त्या वेळी सारे खापर जुनाट विंडोज एक्सपीवर फोडले गेले, परंतु बाधित संगणकांत फार मोठा वाटा विंडोज ७ चा होता, म्हणजे ज्यांच्यासाठी पॅच तयार होता आणि तरीही तो बसवला गेला नव्हता अशा संगणकांचा.

पॅच निघाला म्हणजे धोका टळला, असा एक समज संचालक मंडळांच्या बैठकांत मला नेहमी आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपले पॅच एकत्रितपणे देते. ते निघाले की जगभरचे अभ्यासक आणि त्यांच्या जोडीने गुन्हेगारही जुनी व नवी फाइल शेजारी ठेवून नेमके काय बदलले ते शोधतात, कारण बदल जेथे झाला तेथेच भगदाड होते हे उघड असते. ज्याने पॅच बसवला नाही त्याचा संगणक त्यामुळे मंगळवारपेक्षा बुधवारी अधिक उघडा पडलेला असतो. हे केवळ लहान संस्थांच्या बाबतीत घडते असेही नाही. अमेरिकेतील इक्विफॅक्स ही लोकांच्या पतविषयक नोंदी ठेवणारी बलाढ्य कंपनी. तिच्या संकेतस्थळामागील अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरचा पॅच ७ मार्च २०१७ रोजी निघाला, दोनच दिवसांत कंपनीच्या सुरक्षा विभागाने ‘अठ्ठेचाळीस तासांत बसवा’ असा ईमेल शेकडो कर्मचाऱ्यांना धाडला, आणि तरीही ज्या जागी तो बसायला हवा होता तेथे तो बसलाच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले, जुलैअखेरपर्यंत कोणाला पत्ता नव्हता, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. शेकडो जणांना एकाच वेळी दिलेला आदेश कोणालाच दिलेला नसतो, हे आपल्या सरकारी परिपत्रकांचा अनुभव असलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्याकडील चित्र पाहा. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या पतसंस्थेत चार-पाच संगणक असतात आणि त्यांतीलच एकाला सर्व्हर म्हटले जाते. त्यावर संस्थेचे खातेवहीचे सॉफ्टवेअर बसवणारा पुरवठादार जाताना विंडोजचे अपडेट आणि बाहेरची नको ती जोडणी अडवणारी फायरवॉल दोन्ही बंद करून जातो, ‘अपडेट चालू केले तर सॉफ्टवेअर बिघडेल आणि मग आमची जबाबदारी नाही’ असे व्यवस्थापकाला बजावतो, आणि वर आपल्याला नाशिक किंवा पुण्याहून पाहता यावे म्हणून बाहेरून जोडणीची सोय कायमची उघडी ठेवतो. व्यवस्थापक बिचारा पासबुक छापणारा प्रिंटर चालू राहावा एवढ्याच काळजीत असतो. संगणक दुरुस्त करणारा, म्हणजे माझ्यासारखा, बिघाड झाला की बोलावला जातो. बिघाड होऊ नये यासाठी येण्याचे पैसे त्याच्या करारात नसतात. सॉफ्टवेअरवाला म्हणतो विंडोज माझे नाही, दुरुस्तीवाला म्हणतो सॉफ्टवेअर माझे नाही, आणि संस्था म्हणते आम्ही दोघांनाही पैसे दिले आहेत.

त्यात डुप्लिकेट विंडोजचा प्रश्न आहेच. ज्या अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाच्या कारखान्यातून विप्रोचा प्रारंभ झाला, त्या गावात नव्या संगणकासोबत विंडोजचे वेगळे पैसे लागतील असे सांगितले तर आजही गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. तेथे पेन ड्राइव्हमधील फुकटची प्रत टाकून मिळते, ती ‘ॲक्टिव्हेट’ करणारा क्रॅक कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावरून घेतलेला असतो, आणि ती पुन्हा बंद पडू नये म्हणून अपडेट पहिल्याच दिवशी बंद केले जातात. चोरीच्या कुलपाला चोरानेच दिलेली किल्ली वापरण्याचा हा प्रकार आहे. मात्र त्याचा दोष एकट्या दुकानदाराला देता येणार नाही, कारण सरकारी अनुदानातून संगणक घेणाऱ्या काही संस्थांनीही दरपत्रकात विंडोजचा रकाना कोरा सोडलेला मी पाहिला आहे.

जिनिंगची तऱ्हा वेगळी. कापसाचा हंगाम सुरू झाला की भुईकाट्याच्या संगणकाला कोणी हात लावू देत नाही, कारण बाहेर रस्त्यावर गाड्यांची रांग असते. हंगाम संपला की तोच संगणक धूळ खात पडतो आणि तेव्हाही त्याला कोणी हात लावत नाही. दवाखान्यांत सोनोग्राफी किंवा डिजिटल एक्स-रेच्या यंत्राला जोडलेला संगणक असतो, त्यावरील विंडोज बदलण्यास यंत्राचा उत्पादकच परवानगी देत नाही, आणि त्याच संगणकावर फावल्या वेळात यूट्यूब चालू असते. अशा यंत्राला पॅच बसवता येत नसेल तर त्याला इंटरनेटपासून व इतर संगणकांपासून तोडून ठेवणे एवढाच मार्ग उरतो. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्व्हर ठप्प होऊन नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंतचे कामकाज कित्येक दिवस कागदावर करावे लागले, तेव्हा अंतर्गत जाळ्याचे योग्य विभाजन केलेले नव्हते हे कारण सरकारने संसदेत दिले होते.

विंडोजशिवाय इतरही सॉफ्टवेअर असते, याचा तर बहुतेकांना विसरच पडतो. आपल्याकडच्या प्रत्येक सेवा केंद्रात आणि टायपिंगच्या दुकानात असलेला, फाइली दाबून एकत्र बांधणारा व उघडणारा विनरार हा प्रोग्रॅम घ्या. त्याला आपोआप अपडेट होण्याची सोयच नाही. वर्षानुवर्षे तीच प्रत पडून राहते. त्यातील एका त्रुटीवरची दुरुस्ती ऑगस्ट २०२३ मध्ये आली, तोपर्यंत गुन्हेगार काही महिने साध्या चित्राची किंवा कागदपत्राची बतावणी करणाऱ्या फाइलींमधून तिचा वापर करत होते आणि शेअर व चलन बाजारात व्यवहार करणारे लोक त्यांचे लक्ष्य होते. ज्या केंद्रावर रोज शंभर माणसांचे आधार, सातबारा आणि बँक पासबुक स्कॅन होते, तेथील विनरार कोणत्या सालचा आहे, हे केंद्रचालकाने एकदा पाहावे. राऊटर आणि सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डीव्हीआर हेही संगणकच आहेत आणि त्यांनाही पॅच लागतात, एवढे येथे सांगून पुढे जातो. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

या सर्वांवर मला हमखास मिळणारे उत्तर म्हणजे ‘आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?’ हल्ला करणारा अमळनेर कुठे आहे हे पाहून येत नाही, किंबहुना तो अनेकदा माणूसच नसतो. इंटरनेटवरील एकेक पत्ता ठोठावत जाणारा प्रोग्रॅम असतो आणि जेथे दार उघडे सापडते तेथे तो शिरतो. शिवाय एका ठिकाणचे नुकसान तेथेच थांबत नाही. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाचा अनुभव आहे: एकाने रोगट झाडे उपटण्यात चालढकल केली की मावा तो विषाणू शेजाऱ्याच्या बागेत नेतो, मग शेजाऱ्याने कितीही खर्च केलेला असो. जुलै २०२४ च्या अखेरीस लहान बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे खंडणीखोर प्रोग्रॅमचा, हल्ला झाल्याची शक्यता दिसताच राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला आपल्या यंत्रणेपासून तात्पुरते वेगळे केले, आणि देशभरातील सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व्यवहार अडले. त्या बँकांतील कोणत्याही कर्मचाऱ्याने काहीही चुकीचे केलेले नव्हते.

अपडेटविरुद्ध घेतला जाणारा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो उडवून लावणे योग्य होणार नाही: अपडेटमुळे कधीकधी चालू काम बंद पडते. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मुका होतो, डीटीपीच्या सॉफ्टवेअरचे डोंगल, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला लावायची किल्ली, ओळखले जात नाही, आणि अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली व यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली असली, तर संगणक सुरूही होत नाही; आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काही दुर्मीळ नाही. १९ जुलै २०२४ रोजी तर क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनेच पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्याहून गंभीर उदाहरण २७ जून २०१७ चे. ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधील एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरवण्यात आला आणि त्याच्या तडाख्यात मर्स्क या जहाज कंपनीबरोबर तिच्या समूहाकडे असलेले न्हावा शेवा येथील टर्मिनलही बंद पडले. खान्देशातून निर्यात होणारा माल ज्या बंदराकडे जातो तेच हे बंदर. एकदा जाळ्यात शिरल्यावर नॉटपेट्याने इतर संगणकांत जाण्यासाठी मार्चमध्ये पॅच मिळालेले तेच जुने भगदाड वापरले; परंतु संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलण्याची दुसरी युक्तीही त्याच्याकडे होती, त्यामुळे पॅच बसवलेले काही संगणकही त्याच्या तावडीतून सुटले नाहीत. पॅच हा सर्व दुखण्यांवरचा उपाय आहे असा माझा दावा नाही, हे यावरून लक्षात यावे.

या आक्षेपाचे उत्तर अपडेट बंद करणे हे असू शकत नाही. ते शिस्तीने करणे हेच आहे. पॅच निघाल्यावर तो प्रथम कमी महत्त्वाच्या एका संगणकावर बसवावा, तेथे प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र आणि खात्याचे सॉफ्टवेअर दोन-तीन दिवस चालवून पाहावे, संपूर्ण बॅकअप घेऊन तो संगणकापासून वेगळ्या केलेल्या डिस्कवर ठेवावा, आणि मग शनिवारी संध्याकाळी, यूपीएस तपासून, उरलेल्या संगणकांवर बसवावा. चार-पाच संगणकांच्या संस्थेला यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ पुरते. प्रत्यक्ष हल्ले सुरू असल्याचा इशारा देशाच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने दिला असेल तर मात्र शनिवारची वाट पाहू नये. तिचे इशारे संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, आणि घुसखोरी झालीच तर संस्थांनी सहा तासांच्या आत तिला कळवले पाहिजे असा २०२२ पासूनचा आदेशही आहे. खंडणीची चिठ्ठी पडद्यावर दिसली की पहिला फोन दुरुस्तीवाल्याला आणि दुसरा फॉरमॅट मारणाऱ्याला, ही आपल्याकडची रीत बदलायला हवी, कारण फॉरमॅटमध्ये पुरावाही पुसला जातो.

यात तातडीची बाब म्हणजे विंडोज १०. त्याची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. संस्थांना पैसे भरून वर्षावर्षाने आणखी तीन वर्षांपर्यंत सुरक्षा पॅच घेता येतात, परंतु आपल्या भागात ते घेणाऱ्या संस्था माझ्या तरी पाहण्यात अगदी मोजक्या आहेत. विंडोज ११ जुन्या संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्सचा पर्याय विनामूल्य आहे आणि शाळांच्या संगणक कक्षांसाठी मी तो आग्रहाने सुचवतो. मात्र टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर सरळ चालत नाही, त्यामुळे व्यापाऱ्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे काही संगणक बदलावेच लागतील, आणि हा खर्च अंदाजपत्रकात आजच धरला नाही तर तो कधीच धरला जाणार नाही.

आता जबाबदारीविषयी. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि तीत पॅचवर लक्ष ठेवण्याचाही समावेश आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्या सहकार कायद्याखाली निबंधकांच्या नियंत्रणात असतात, आणि त्यांच्या लेखापरीक्षणात कर्जवाटप, थकबाकी, तरलता यांची जशी कसून तपासणी होते तशी संगणकाची झाल्याचे मी पाहिलेले नाही. जळगाव जिल्ह्यातील ठेवीदारांनी पतसंस्थांपायी काय भोगले आहे ते येथे उगाळत नाही. पण त्या काळी निदान खतावण्या तरी कपाटात होत्या. आज सर्व्हर आणि त्यालाच जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्क एकाच वेळी कुलूपबंद झाली, तर कोणाची ठेव किती, हे सांगणारा कागद अनेक संस्थांत उरणार नाही. सहकार खात्याने लेखापरीक्षणाच्या नमुन्यात पॅच आणि बॅकअप यांच्या तारखांसाठी दोन रकाने वाढवावेत, आणि संस्थांनी सॉफ्टवेअर पुरवठादाराशी वार्षिक देखभाल करार करताना ‘विंडोजचे चालू अपडेट असताना आमचे सॉफ्टवेअर चालेल’ ही हमी त्यात लिहून घ्यावी. जो पुरवठादार ती देण्यास नकार देतो, त्याने आपले सॉफ्टवेअर सांभाळणे सोडून दिले आहे असे समजण्यास हरकत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या करारातही महिन्याची ती एक संध्याकाळ मोबदल्यासह धरलेली असावी. यात माझा स्वार्थ आहे, हे मी नाकारत नाही.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्याव्या लागतात. लाभांश आणि चहापाण्याच्या खर्चावर तेथे तासन्‌तास चर्चा होते. आपल्या वाचकांपैकी जे अशा संस्थांचे सभासद आहेत त्यांनी या वेळी उभे राहून विचारावे की, सर्व्हरवर शेवटचा पॅच कोणत्या तारखेला बसला, तो कोणी बसवला, आणि बॅकअपवरून खाती परत उभी करून पाहण्याची चाचणी शेवटची कधी घेतली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अपडेट हिस्टरी’ या पानावर दोन मिनिटांत मिळते. व्यवस्थापकांनी त्या पानाची छापील प्रत सभेच्या अहवालाला जोडावी.

आपला,
संगणक देखभाल क्षेत्रातील एक वाचक
अमळनेर, जि. जळगाव